हातगुण

धुळाप्पा गवंड्यानं धुराड्यात सारलेला बांबू पुरुषभर वर गेला आणि अडला. टोकाला चिंध्यांचा बोळा होता, काजळी पाडायला. धुराडं फोडायचं म्हणजे आधी काजळी उतरवून घ्यायची, नाहीतर पहिल्या घणालाच ती अशी उडते की महिनाभर भाकरीवर काळे डाग दिसतात, असं तो सकाळपासून ऐकवत होता. दाक्षायणीनं डबे-भांडी सोप्यात नेऊन ठेवली होती, पिठाच्या डब्यावर ओलं फडकं घातलं होतं आणि नवऱ्याच्या दुकानातली रिकामी बारदानं भिजवून स्वैपाकघराच्या दाराला पडद्यासारखी टांगली होती. घरात लग्न असावं तशी तयारी; आणि लेकाच्या लग्नासाठीच तर हे सगळं चाललं होतं. धुळाप्पानं बांबू खाली ओढला, फिरवला, पुन्हा सारला. पुन्हा तिथंच अडला. मग त्यानं तो उलटा केला आणि बोळा नसलेल्या टोकानं वर ठोकलं. ठक्क वाजलं.

"अक्का, वर कायतर आडवं हाय," तो म्हणाला.

"पारव्याचं घरटं असंल."

"घरटं असं वाजतंय व्हय? ही फरशी हाय की. शाबादी."

त्यानं हात धोतराला पुसले आणि तो अंगणातल्या जिन्यानं वरच्या खोलीत बघायला गेला. दाक्षायणी एकटीच राहिली. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती या चुलीच्या तोंडापुढं बसत आली होती, पण त्यात डोकं घालून वर कधी पाहिलं नव्हतं. धुरात कोण डोकं घालील? आज चूल गार होती. ती गुडघ्यांवर बसली, पदर आवळला आणि भिंतीतून पुढं आलेल्या त्या विटांच्या फुगवट्याखाली मान घालून तिनं वर पाहिलं. कुठंतरी उंचावर उजेडाचा ठिपका दिसेल असं तिला वाटलं होतं. काहीच दिसलं नाही. नुसता अंधार, आणि जुन्या धुराचा कडू वास. मग तिच्या डोक्याच्या बरोबर वर कुणीतरी ठोकलं. ठक, ठक, ठक. काजळीचा भुगा तिच्या पापण्यांवर पडला. वर धुळाप्पा फडताळाचा तळ ठोकत होता.

ते फडताळ तिनं पाहिलं होतं, हीच तर गंमत. वरच्या खोलीत भाडेकरू असायचे. आधी एक शाळामास्तर, मग कापडगिरणीतला एक जॉबर, मग पोस्टातलं एक कुटुंब. पोस्टातल्या बाईनं हळदीकुंकवाला बोलावलं तेव्हा दाक्षायणी वर गेली होती, आणि भिंतीच्या त्या फुगवट्यात बसवलेलं ते छोट्या दारांचं फडताळ, त्यात लावलेल्या स्टीलच्या वाट्या, वर अंथरलेला वर्तमानपत्राचा नक्षीदार कागद, सगळं बघून ती म्हणालीही होती की किती सोयीचं आहे हो तुमचं हे. तेव्हा खाली तिची चूल धुपतच असणार. त्या बाईच्या वाट्यांच्या बुडाखाली बोटभर जाडीची फरशी, फरशीखाली कोंडलेला धूर, आणि धुराखाली ती. इतकी साधी गोष्ट. जमिनीवर बसून डोळे चोळणाऱ्या बाईला ती कळली नाही म्हणून तिला कुणी हसावं, तर खुशाल हसावं. धुराडं वरून बघावं तर माळवदाच्या वर चांगलं हातभर उभं होतं, चुन्यानं रंगवलेलं, टोकाला खापराचं टोपडं घातलेलं. आतून मधेच त्याची मान चिरलेली आहे असं कुणाच्या मनात येणार?

धुळाप्पा खाली आला. त्याला सगळं समजलं होतं आणि आपल्याला समजलं आहे हे दाखवायचं नाही, हेही त्यानं जिन्यावरच ठरवून टाकलेलं दिसत होतं. काम चनमल्लप्पांचं, म्हणजे दाक्षायणीच्या नवऱ्याचं होतं, पैसे तेच देणार होते. "मालक येऊ दे," तो म्हणाला, "मग बघू," आणि अंगणात जाऊन तंबाखू मळायला बसला.

या घरची एक रीत होती. नव्या सुनेनं पहिल्या दिवशी न्हाऊन, कपाळाला विभूती लावून, बायकांच्या देखत चूल पेटवायची. धूर सरळ धुराड्यात गेला तर पोरीच्या हाताला गुण आहे. काशम्मा, म्हणजे दाक्षायणीची सासू, त्याला कन्नडातला कैगुण म्हणायच्या. रागावल्या की त्यांना मराठी पुरायची नाही. दाक्षायणी टेंभुर्णीची. तिथं बापाचं किराणा दुकान, पुढं रस्ता, मागं परसात उघड्यावर चूल. वयाच्या आठव्या वर्षापासून ती जाळ करत होती, तिला त्याचं काय भय? पहिल्या दिवशी हिरवी साडी आवरत ती बसली, तुरकाट्या रचल्या, काडी ओढली. धूर उठला, धुराड्याच्या तोंडापर्यंत गेला, जरा घुटमळला आणि उलटा फिरून सगळ्या बायकांच्या अंगावर आला. कुणी हसलं, कुणी खोकलं, कुणाची तान्ही पोर रडायला लागली. तिनं फुंकणी घेतली आणि फुंकत राहिली, फुंकत राहिली, डोळ्यांतून पाणी वाहून हळद ओघळेपर्यंत. काशम्मांनी शेजारणीकडं बघून ओठ दाबले. ते दाबलेले ओठ दाक्षायणीनं नंतर इतक्या वेळा पाहिले की सासूचा चेहरा म्हटला की तिला तेवढेच आठवायचे.

आणि काशम्मांचं चुकत होतं का? आज, गार चुलीपुढं बसून, तोंडावरची काजळी न पुसता ती हाच विचार करत होती आणि त्यानंच तिला जास्त चीड येत होती. काशम्मांचं चुकत नव्हतं. त्या म्हणायच्या, "माझ्या हातात हुती तवर ही चूल कधी धुपली न्हाय." खरंच नसेल धुपली. लग्नाच्या आधी काशम्मा लेकीच्या, निंगव्वाच्या बाळंतपणाला अक्कलकोटला जाऊन राहिल्या होत्या, त्या परतल्या त्या लग्नाच्या तोंडावर. लग्नाचा स्वैपाक आचाऱ्यानं अंगणात केला. मग चूल सुनेच्या हाती आली. मधल्या काळात घरात चनमल्लप्पा एकटा होता, खाणावळीत जेवत होता आणि वरची खोली भाड्यानं द्यायला तयार करत होता. सासूला तिची चूल आठवत होती, सुनेला तिची चूल दिसत होती. दोघीही खरं बोलत होत्या आणि दोघी आयुष्यभर भांडल्या. भांडण कशाचं आहे हे घरात एकट्यालाच ठाऊक होतं, आणि तो पाटावर बसून भाकरी मोडत होता.

सोमवारी जंगम अय्या भिक्षेला यायचे. त्यांच्या डोळ्यांत धूर जायचा, काशम्मा हात जोडून म्हणायच्या, "सुनंला अजून सवय न्हाय, अय्या." दहा वर्षांनीसुद्धा सवय न्हाय. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेचा नैवेद्य या घरात दाक्षायणीनं कधी केला नाही; त्यासाठी नणंद निंगव्वा अक्कलकोटहून यायची. निंगव्वाला कोंदट स्वैपाकघर मानवायचं नाही म्हणून ती अंगणात तीन दगड मांडायची आणि उघड्यावर पुरण शिजवायची. धूर आभाळात जायचा. काशम्मा कौतुकानं सगळ्यांना सांगायच्या, बघा, लेक माझी, जाळ कसा लखलखीत. दाक्षायणी आत बसून वेलदोडे सोलायची. आतही चूल, बाहेरही चूल, मग बाहेरचा धूर कुणाच्या डोळ्यांत जात नाही तो काय निंगव्वाच्या गुणानं? हे तिच्याही मनात आलं नव्हतं. म्हणतात ना, रोज एकच गोष्ट कानावर घातली की शहाण्याला वेड लागतं. तिलाही हळूहळू पटलं होतं की आपल्या हातातच काहीतरी कमी आहे. ती हात निरखून पाहायची. सगळ्यांसारखेच तर होते.

सगळ्यांत वाईट दिवस आईचा. शरणप्पा पोटात होता तेव्हाची गोष्ट. वडील दिवाळीला येऊन लेकीचे लाल डोळे बघून गेले होते, आणि काशम्मांनी त्यांना चहाबरोबर ऐकवलं होतं की पोरीला चूल शिकवून पाठवायची रीत तुमच्याकडं नाही का. मग आई आली. एस.टी.च्या टपावर वाळक्या बाभळीचा भारा बांधून आली. लेकीच्या सासरी लाकूड घेऊन येणारी बाई कुणी पाहिली होती का? पण आईला वाटलं, सोलापूरच्या वखारीतलं लाकूड ओलं असणार, म्हणून पोरीची फजिती होते. दुसऱ्या दिवशी पहाटे आई स्वतः चुलीपुढं बसली. तिनं राख काढली, तुरकाट्या सैल रचल्या, गोवरीचा तुकडा मोडून घातला, सगळं जसंच्या तसं, जसं तिनं लहानपणी दाक्षायणीला शिकवलं होतं. धूर उठला आणि उलटा फिरला. आईनं फुंकलं. तिनं लाकडं पालटली, चुलीच्या तोंडाशी वीट लावून पाहिली. खोली धुरानं भरली तेव्हा दारात काशम्मा उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "खाण तशी माती." आईनं खाली मान घातली. पन्नाशीची बाई, टेंभुर्णीत जिच्या हातच्या भाकरीसाठी ट्रकवाले थांबायचे, ती लेकीच्या सासरी चुलीपुढं मान खाली घालून बसली आणि तिला वाटलं की खरंच आपल्यालाच येत नाही. आई संध्याकाळच्या गाडीनं गेली. पुन्हा ती या घरात आली नाही, आणि पुढं चार-पाच वर्षांत वारली.

त्या पहाटे चनमल्लप्पा घरातच होता. सोप्यात बसून दाढी करत होता. दाक्षायणीला ते आज इतकं स्वच्छ आठवलं की साबणाचा वाससुद्धा आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याला उठून काशम्मांना एवढंच म्हणायचं होतं की अव्वा, थांब. त्यानं गालाला दुसऱ्यांदा साबण लावला.

आणि एकदा तर तो वर चढला होता. शरणप्पा रांगत होता तेव्हा धुरानं पोराचा श्वास लागायला लागला, डॉक्टर म्हणाले पोराला धुरापासून लांब ठेवा. दाक्षायणीनं जीव तोडून सांगितलं की एकदा धुराडं साफ तरी करून घ्या. चनमल्लप्पा दोर आणि केरसुणी घेऊन माळवदावर गेला. बराच वेळ वर होता. खाली आला तेव्हा हातांना काजळी होती. म्हणाला, "निर्मळ हाय. आरपार दिसतंय." केवढा बेत केला असेल त्यानं वर उभं राहून. हाताला काजळी लावून घेतली असेल. दाक्षायणीनं तेव्हा त्याच्या हातावर पाणी घातलं होतं, साबण दिला होता, आणि मनात म्हटलं होतं, बिचारा, आपल्यासाठी किती करतो.

माणसाला मनातल्या मनात किती वेळा फसवून घेता येतं याला सुमारच नाही. परवाचीच गोष्ट घ्या. गॅसचा नंबर लागला, शरणप्पाचं लग्न ठरलं, आणि पुण्याहून आलेला शरणप्पा म्हणाला की होणाऱ्या बायकोला जमिनीवर बसवून धुरात रांधायला लावायचं नाही, उभा ओटा करा. तो चुकीचं काही बोलला नाही. पोरगा चांगला होता. फक्त ज्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवून तो धुरात झोपला ती समोरच उभी होती आणि तिच्यासाठी ओटा करावा हे गेल्या वीस-बावीस वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. ओट्याला जागा हवी, म्हणून धुराडं काढायचं ठरलं. धुळाप्पानं भिंतीला हात लावून हिशेब सांगितला होता.

"खालचं तेवढं काढलं तर वरचं कशावर बसंल? ते काय पाखरू हाय व्हय हवेत ऱ्हायला?" तो म्हणाला होता. "वरनं उतरवत आलं तर स्वस्तात हुतंय. माळवदावरनं सुरू करायचं, मग वरची खोली, मग हितं. विटा ओट्याला लागतील, राडा गाडीवाला नेतोय. आन खालनंच काढायचं म्हनलं तर गर्डर घालावा लागंल. दोन्ही भिताडात खोबण, खाली टेकू, वर सिमिट. माझ्या मजुरीपरीस लोखंड जड जाईल बगा. हौस असंल तर घाला."

चनमल्लप्पा हा असा माणूस की फाटक्या पोत्याचा दोरा उसवून गुंडाळून ठेवील. बारदानाच्या दुकानात तीस वर्षं बसून त्याच्या बोटांनाच चिकटपणा आला होता. पण तो म्हणाला, "घाल गर्डर. वरची खोली पोरांसाठी रंगवून झालीया, तितं हात लावायचा न्हाय." धुळाप्पानं भुवया वर केल्या. दाक्षायणीनंही. मग रात्रीच्या भाकरी करताना तिला वाटलं की वयानं माणूस मऊ होतो. पोराच्या संसारासाठी त्याची मूठ सुटली. तिला त्याची मायाही आली. मूठ फडताळ झाकायला सुटली होती हे आज कळलं, पण ती माया आता परत घेता येत नव्हती, खाऊन झालेल्या अन्नासारखी ती अंगात गेली होती.

चनमल्लप्पा दुपारी जेवायला आला. स्वैपाकघर बंद, म्हणून तिनं सोप्यातच रॉकेलच्या स्टोवर भात-आमटी केली होती. त्यानं पाय धुतले, पाटावर बसला, अंगणातल्या धुळाप्पाकडं एकदा आणि तिच्या तोंडाकडं एकदा पाहिलं. तिनं काजळी तशीच ठेवली होती.

"वरचं फडताळ कधी केलं वो?" तिनं विचारलं.

घास थांबला नाही. तेवढं तिनं पाहून ठेवलं. "झालं की लई दिवस," तो म्हणाला.

"लग्नाच्या आदी?"

"असंल."

"धुराड्यात केलं."

त्यानं आमटी कालवली. "त्या खोलीत धुराड्याचा खांब पुढं आलेला. भिताड तापायचं, धुराचा वास मारायचा. कोण ऱ्हातंय तितं भाड्यानं? मास्तर म्हनला फडताळ करून द्या, लगीच येतो. दिलं करून. त्याच भाड्यावर निंगव्वाच्या लग्नाचं कर्ज फिटलं. काय माझ्या चैनीला केलं न्हाय."

"मला सांगायचं की."

"सांगून धूर गेला असता व्हय?"

"पडवीत चूल मांडली असती. चार विटांची."

त्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. पडवीत चूल मांडायला पैसा लागत नव्हता. फक्त का मांडायची ते अव्वाला सांगावं लागलं असतं. तिला न विचारता, बापानं बांधलेलं धुराडं आपण बुजवलं, हे. पहिल्या दिवशी त्याला धीर झाला नसेल. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाची लाज आडवी आली असेल. मग वर्षं गेली असतील. दाक्षायणीला हे सगळं समजत होतं. समजत होतं म्हणून ते हलकं होत नव्हतं. तिला खोकला आला. तिच्या खोकल्याला आता धूर लागत नसे, तो आपला येई.

"आता काढायलोय न्हवं?" तो म्हणाला. "गॅस बी आलाय. इतक्या वर्सांनी उकरून काय घावनार?"

"मला काय नको," ती म्हणाली. "लुगडं नको, डागिना नको. अत्तींना सांगा. तुमच्या तोंडानं. चूल धुपायची ती माझ्या हातानं न्हवं, एवढं."

"म्हातारीला आता काय कळतंय?"

"कळतंय. काल म्हनत हुत्या, नव्या सुनंला तरी कैगुण असू दे."

तो भात चिवडत राहिला. तिनं ताट वाढायचं थांबवलं. वीस-बावीस वर्षांत तिनं ताटावर बसलेल्या माणसासमोरून भाताचं भांडं उचललं नव्हतं; आज उचललं.

"सांगतो," तो म्हणाला.

"उद्या. आदी फरशी काढून घ्या. एकदा चूल पेटवते त्यांच्या समोर. तवा सांगा. मग खालनं फोडा, वरनं फोडा, तुमचं तुमी बगा."

"बरं," तो म्हणाला. फार लवकर म्हणाला. पण ती ऐकायला आसुसली होती, आणि गरजू माणूस शब्द वजन करून घेत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळाप्पानं वरच्या फडताळाची फरशी पहारीनं उचकटली. तिच्या वरच्या बाजूला पोस्टातल्या बाईचा नक्षीदार कागद अजून चिकटलेला होता, खालच्या बाजूला बोटभर काजळी. फडताळाच्या डोक्यावरची लाकडी फळी आणि माळवदावरचं खापराचं टोपडंही त्यानं काढलं, दारांच्या तोंडाला पत्रा लावला आणि कडा ओल्या मातीनं लिंपल्या, नव्या रंगाला धूर लागू नये म्हणून. खाली दाक्षायणीनं पुन्हा मान घालून वर पाहिलं. या वेळी उजेड होता. चौकोनी, निळा, डोळ्यांवर येणारा. ती बघत राहिली आणि तिला आई आठवली, बाभळीचा भारा आठवला, आणि हे आभाळ तेव्हाही इथंच होतं असं काहीतरी मनात आलं. मग ती न्हायली. विभूती लावली, लिंगपूजा केली. काशम्मांना हाताला धरून आणलं, पाटावर बसवलं, पाठीशी उशी दिली. म्हातारीला नीट दिसत नव्हतं, पण उजेड कळायचा, जाळ कळायचा, आणि धूर तर आधी नाकालाच कळायचा.

"आज कशाला गं चूल?" त्या म्हणाल्या. "फोडनार न्हवं?"

"एकदा पेटवते, अत्ती."

चनमल्लप्पा दारातल्या ओल्या बारदानाला धरून उभा होता. त्याच्या मागं धुळाप्पा. दाक्षायणीनं तुरकाट्या सैल रचल्या, गोवरीचा तुकडा मोडून घातला. काडी पहिली विझली, दुसरी पेटली. धूर उठला. तो धुराड्याच्या तोंडाशी गेला, जरा घुटमळला. मग कुणीतरी वरून ओढून घ्यावा तसा तो सरळ आत शिरला आणि गेला. जाळानं घुर्र असा बारीक आवाज धरला. चूल असा आवाज करते हे तिला लहानपणानंतर आजच ऐकू आलं. डोळ्यांत पाणी नाही. नाकात चुरचुर नाही. स्वैपाकघराच्या चारी भिंती कोपऱ्यापर्यंत दिसत होत्या. तिला हसू यावं की रडू हे कळेना, कारण इतकं सोपं होतं ते.

काशम्मांनी नाक वर करून हुंगलं. "धूर कुटं गेला?"

"वर गेला, अत्ती." मग ती थांबली. पुढचं बोलणं तिचं नव्हतं.

धुळाप्पा नखातला चुना काढत होता. म्हातारीचा हात चाचपडत आला, दाक्षायणीच्या गुडघ्याला लागला, आणि त्यावर थोपटू लागला. हाडकुळा, कोरडा हात. वीस-बावीस वर्षांत तो असा अंगावर आला नव्हता.

"जमलं की गं तुला, दाक्षा," काशम्मा म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. खरंच आनंद झाला होता त्यांना, हनुवटी हलत होती. "मी म्हनत हुते, ह्या जन्मात काय हिला जमत न्हाय. शेवटाला का हुईना, जमलं. कैगुण आला गं हाताला."

दाक्षायणीनं मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं. आता. आता त्यानं एक वाक्य बोलायचं होतं. फरशी अंगणात पडली होती, उन्हात, सगळ्यांना दिसेल अशी. चनमल्लप्पानं तिच्याकडं पाहिलं नाही. तो जाळाकडं बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरत होता, भाव ठरून गिऱ्हाइक बोहनी करून जावं तसा.

"व्हय, अव्वा," तो म्हणाला. "जमलं तिला."

तिला राग यायला हवा होता. तो आलाही, पण नंतर. त्याच्या आधी, म्हातारीचा हात गुडघ्यावर असताना, तो शब्द कानावर पडत असताना, तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. छातीतून काहीतरी मोकळं झालं, तोंडावर हसू आलं आणि ते तिला आवरलं नाही. जमलं म्हणाल्या. सगळ्यांच्या देखत म्हणाल्या. क्षणभर ती टेंभुर्णीची पोर झाली, हिरव्या साडीतली, पहिल्या काडीला चूल पेटलेली. मग तिला कळलं की आपण काय घेतलं. आपली काहीच चूक नसताना बावीस वर्षांनी मिळालेली माफी तिनं दोन्ही हातांनी घेतली होती, आणि ती घेताना आईची मान तशीच खाली राहिली होती. नवऱ्यानं काय केलं ते ती कधीतरी विसरलीही असती. बायका याहून मोठं गिळून संसार करतात. पण त्या शब्दानं आपल्याला बरं वाटलं, हे कुठं टाकायचं? ते त्याच्या अंगावर फेकता येत नव्हतं. ते तिचंच होतं.

बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं. अत्ती, वर फरशी होती. चार शब्द. पण म्हातारी इतकी खुशीत होती, आणि सांगून आता ती कुणाचं ऐकेल, लेकाचं की सुनेचं, हे दाक्षायणीला ठाऊक होतं.

"जाळ बरा हाय," काशम्मा म्हणाल्या. "एक भाकरी टाक की, विझायच्या आदी. तुझ्या हातची खाते."

चनमल्लप्पानं बारदान सोडलं. बाहेर तो धुळाप्पाला सांगत होता की थांब जरा, म्हातारीचं होऊ दे, मग वरनंच सुरू कर, गर्डर कशाला उगीच. दाक्षायणीनं परात ओढली, पीठ घेतलं, मधे खळगं करून पाणी घातलं. मळू लागली. भाकरी थापताना तिच्या लक्षात आलं की हात छान चालले आहेत, झरझर, न अडखळता, कुणी कौतुकानं बघत असल्यावर चालतात तसे.